पाऊस लागला की छत्री बंद, उघडला की चालू : माझे दोन पावसाळे खाल्लेला बिघाड

आत्याच्या घरची टीव्हीची छत्री, म्हणजे डिश अँटेना, मी दोन पावसाळ्यांत सहा वेळा सेट केली. सहाही वेळा ती चालू झाली आणि सहाही वेळा चार दिवसांत पुन्हा पडद्यावर 'नो सिग्नल'. आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा-नेर पट्ट्यात घरोघरी डीडी फ्री डिशच आहे, शेतीच्या जोडीला मी तिचीच किरकोळ कामं करतो. त्यामुळे बाहेरच्याची छत्री लागली नाही तर एकवेळ चालतं, पण आत्याच्या घरची लागत नाही म्हणजे गावभर हसू. शेवटी तीच म्हणाली, "तू येतं, पाना फिरवतं, चहा पेतं अन् जातं. तिसऱ्या दिवशी पुन्हा काळंभोर. तुले समजते का नाही रे बाप्पा यातलं काही?"

समजत होतं, पण उलट्या बाजूने. मी सारखा कोन तपासत होतो. सिग्नल नेमका कधी जातो हे तिला एकदाही विचारलं नव्हतं.

आधी कोनाचं सांगून टाकतो, कारण तो नीट माहीत असला की पुढचं सोपं जातं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आहे, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, जागा ९३.५ अंश पूर्व. काही जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या यादीत त्याच जागेवर इन्सॅट-४बी असं नाव दिसतं. त्याने घाबरू नका, ९३.५ महत्त्वाचं. यवतमाळ भागातून पाहिलं तर तो आग्नेयेपासून थोडा दक्षिणेकडे, उत्तरेपासून मोजला तर साधारण १४२ अंशांवर, आणि क्षितिजापासून ६० अंश वर आहे. बुलडाण्याकडे गेलात तर दिशा १३८ आणि उंची ५९ च्या आसपास, गडचिरोलीकडे दिशा १४५ आणि उंची ६२ च्या जवळ. म्हणजे अख्ख्या विदर्भात फरक फक्त सात अंशांचा. पण ६० सेंटीमीटरच्या छत्रीला सात अंश म्हणजे फार झाले. दीड अंश सरकली की निम्मा सिग्नल गेलेला असतो. छत्रीची एक कड दुसऱ्या कडेच्या मानाने एक सेंटीमीटर मागे गेली की तो एक अंश होतो. वानर येऊन बसलं की किती होत असेल, तुम्हीच मोजा.

उंचीच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. उपग्रह ६० अंशांवर आहे म्हणून लोक छत्रीचं तोंड आभाळाकडे करून ठेवतात. आपल्या छत्र्या तिरप्या तोंडाच्या असतात. एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, मधोमध नसतो, खालून आलेल्या दांडीवर असतो, त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा साधारण २५ अंश वर बघत असते. बरोबर लागलेली छत्री डोळ्यांना जरा जास्तच उभी वाटते. छत्रीला पाइपवर धरणाऱ्या क्लॅम्पवर आकड्यांची पट्टी असेल तर तिच्यावर ६० लावा आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मात्र ती पट्टी खरं तेव्हाच बोलते जेव्हा पाइप सरळ उभा असतो. इथे मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. पाइपला दोन बाजूंनी ओळंबा लावायचा. पाइप तिरपा असेल तर दिशा फिरवताना उंचीही आपोआप बदलत जाते आणि तासभर गरगर फिरूनही काही सापडत नाही.

दिशेसाठी मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण टिनावर उभं राहून किंवा लोखंडी पाइपला चिकटवून नको. अंगणात उतरा, चार पावलं दूर जा, १४२ च्या रेषेत एखादं झाड किंवा विजेचा खांब हेरून ठेवा, मग वर चढून छत्री त्याच्याकडे वळवा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे वेगळी वजाबाकी करायची गरज नाही.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६००, आणि डायसेक (एकाहून जास्त एलएनबी असले तरच लागणारी सोय) बंद. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे चॅनल येतात ती फ्रिक्वेन्सी, ११०९० किंवा ११४७०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. मग 'क्वालिटी' च्या पट्टीकडे बघा. 'स्ट्रेंथ' ची पट्टी एलएनबीला करंट मिळाला तरी अर्धी भरते, छत्री गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून असली तरी. बाजारात दीडदोनशेला मिळणारं, सिग्नल शोधून पीपी करणारं यंत्रही तसंच. कुठलाही उपग्रह सापडला की ते आनंदाने बोंबलतं. ज्यांच्या घरी पूर्वी डिश टीव्हीची छत्री होती ते ९५ अंशांवर असतात, म्हणजे आपल्यापासून दीड अंशावर. यंत्र वाजतं, चॅनल येत नाही. अशा वेळी छत्रीच्या मागे उभं राहून तिला उजवीकडे, दक्षिणेच्या बाजूला, अडीच-तीन अंश आणि वर एक अंश सरकवलं की काम होतं.

छत्री हलवताना एका बोटाइतकी हलवा आणि तीन सेकंद थांबा. बॉक्सला विचार करायला वेळ लागतो. घाई करणारा माणूस बरोबर जागेवरून तीनदा जातो आणि त्याला पत्ताच लागत नाही. आकडा सांगायला घरात एखादा पोट्टा बसवतात, त्यापेक्षा व्हिडिओ कॉल लावून मोबाइल टीव्हीसमोर ठेवलेला बरा. आत्याच्या नातवाने मला एकदा पंधरा मिनिटं टिनावर उभं ठेवलं होतं. चॅनल आलं होतं, मॅच लागली होती आणि तो सांगायचं विसरला होता. जास्तीत जास्त क्वालिटी मिळाली की एलएनबीचा स्क्रू सैल करून तो जागच्या जागी हळू फिरवा, आकडा आणखी पाचसात वाढतो. मग नट आळीपाळीने आवळा. एकच नट पूर्ण आवळला की छत्री त्या बाजूला ओढली जाते.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. सेट झाल्यावर क्लॅम्प आणि पाइप यांच्या सांध्यावर, आणि उंचीच्या पट्टीवरही, रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवा. माझ्याजवळ नेहमी नखांना लावायच्या रंगाची बाटली असते. घरातल्यांनी सुरुवातीला चिडवलं, आता नवीन बाटली तेच आणून देतात. पुढच्या वेळी सिग्नल गेला की आधी ती रेघ बघायची. रेघेचे दोन तुकडे झाले असतील तर छत्री हलली आहे, रेघ जोडली की बहुतेक काम झालं. रेघ सलग असेल आणि पाइपही ओळंब्यात असेल तर छत्रीला हात लावायचा नाही. बिघाड दुसरीकडे आहे.

आत्याच्या छत्रीवरची रेघ सलग होती. तरी मी दरवेळी नट सैल केले. सवय, दुसरं काय.

सिग्नल वारंवार जातो असं कुणी सांगितलं की आता मी आधी वेळ विचारतो. पाऊस जोरात पडत असतानाच जातो आणि ओसरला की दहा मिनिटांत येतो, तर बिघाड काहीच नाही. फ्री डिशच्या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर, मोठ्या थेंबांचा पडदा त्यांना अडवतोच. जोराच्या सरीत पाच-दहा मिनिटं सगळ्यांचंच जातं. तुमचं साध्या रिपरिपीतही जात असेल आणि शेजाऱ्याचं नाही, तेव्हा छत्री काठावर लागली आहे असं समजा. कोरड्या दिवशी क्वालिटी किती होती ते विचारा.

पाऊस उघडून ऊन पडलं तरी एक-दोन दिवस येत नाही, मग हळूहळू येतं, तर एफ कनेक्टरमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या आट्याच्या जोडात, पाणी आहे. हे मला सगळ्यात जास्त सापडतं. एलएनबीच्या तोंडाशी केबल सरळ खाली न सोडता वरून आणली की पाणी केबलच्या आत शिरतं. कनेक्टर काढून बघा. केबलमधली तारांची जाळी हिरवट किंवा काळी पडली असेल तर तिथून अर्धा फूट केबल कापून टाका, नवीन कनेक्टर लावा, वरून रबरी टोपी किंवा घट्ट टेप. केबल एलएनबीखाली एक घेर देऊन वर आणा, पाणी त्या घेराच्या तळातून टपकून जातं. फ्री डिशचे चॅनल व्हर्टिकलवर असल्याने बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो. केबल लांब, मध्ये दोन जोड, जोडांना गंज, आणि वर १३ चे १० उरले की एलएनबी सुस्तावतो. मीटर असेल तर एलएनबीच्या टोकाशी मोजा.

रोज संध्याकाळी सात-आठला जातं आणि रात्री उशिरा येतं, असं असेल तर छत्रीपेक्षा लाइनीकडे बघा. सगळ्या गावाचे बल्ब, मिक्सर, मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज कोसळतं आणि बॉक्स मधूनमधून स्वतःच बंद-चालू होतो. दिव्याचा उजेड मंद झाला आणि त्याच वेळी टीव्ही गेला, तर टिनावर चढायचं कारण नाही.

वारा सुटला की चित्र चौकोनी-चौकोनी होऊन तुटतं, तेव्हा पाइप हलतो आहे. टिनाच्या छतावर पाइप नुसता टिनाला बोल्ट मारून उभा केला असेल तर तो हलणारच. तो खालच्या बल्लीला बांधायला हवा. कवेलूच्या घरावर तर छत्री लावूच नका, कवेलू फुटतात, पाइप सैल होतो आणि घरात पाणी येतं ते वेगळंच. भिंतीच्या बाजूने पाइप चढवून दोन ठिकाणी पट्ट्यांनी आवळा.

सकाळी चालू, दुपारच्या कडक उन्हात बंद आणि सूर्य कलला की पुन्हा चालू, असं मे महिन्यात घडलं तर जुना एलएनबी तापून मार खातो आहे. ओळखीच्याचा चांगला एलएनबी एक दिवस लावून बघा. ओलं फडकं टाकून गार झाल्यावर तो चालू झाला तर निदान पक्कं.

आणि एक गंमत. कुंभारीण माशी एलएनबीच्या तोंडावर मातीचं घरटं बांधते. माती वाळलेली असली की थोडंफार चालतं, पावसाची ओल लागली की बंद. पाच मिनिटांत निघतं, पण बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही. गांधीलमाश्यांचं असेल तर मात्र दिवसा जाऊ नका.

आत्याचं यातल्या कशातच बसत नव्हतं. कनेक्टर नवीन, केबल अखंड, व्होल्टेज ठीक, पाइप भिंतीला आवळलेला. मी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की उन्हाळाभर काही त्रास नाही. मिरग लागला, दोन-चार पाऊस झाले, मग सुरू होतं. पाऊस पडून गेला तरी दोन-तीन तास येत नाही. वारा सुटून ऊन लागलं की येतं. दिवाळीनंतर मधूनमधून अडकतं, पण चालतं. आणि मी दरवेळी कधी जायचो? पाऊस उघडला की. गाडी निघायला रस्ता कोरडा पाहिजे म्हणून. म्हणजे माझ्या पान्याने काहीच होत नव्हतं. मी पोहोचेपर्यंत जे काही ओलं होतं ते वाळायचं, सिग्नल आपसूक वाढायचा आणि श्रेय मला मिळायचं.

ओलं होऊन वाळणारं ते काय, हे मला गांधी जयंतीच्या दिवशी कळलं, आणि तेही योगायोगाने.

वर्षातून दोनदा सूर्य आपल्या छत्रीच्या बरोबर समोर, उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. आपल्या भागात ते दिवस म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची सुरुवात आणि मार्चचा दुसरा आठवडा. ऑक्टोबरमध्ये अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना, मार्चमध्ये सव्वाअकराच्या सुमारास. सूर्याचा स्वतःचा गोंगाट उपग्रहाच्या आवाजाला दाबून टाकतो आणि पाच-दहा मिनिटं चित्र अडखळतं किंवा जातं. चार-पाच दिवस रोज त्याच वेळी असं होतं आणि आपोआप थांबतं. त्या दिवसांत रोज अकराला छत्री बिघडते म्हणून कुणी बोलावलं तर पैसे घेऊ नका.

त्या दिवशी मी आत्याकडे कापसाच्या कामासाठी गेलो होतो. अकराच्या आधी टीव्ही गेला. मला वाटलं, चला, सूर्यच असेल, तो बरोबर छत्रीच्या तोंडात चमकतो का ते बघू. अंगणात आलो तर छत्रीवर ऊनच नव्हतं. अख्ख्या छत्रीवर सागाच्या पानांची सावली होती.

त्या क्षणी सूर्य जिथे असतो तिथेच उपग्रह असतो. सूर्याला जे झाड अडवतं तेच झाड उपग्रहाला अडवतं. मामाजींनी, म्हणजे आत्याच्या सासऱ्यांनी, भिंतीला लागून लावलेला साग, छत्री लावली तेव्हा डोक्याएवढा होता. आता वीस-पंचवीस फूट. साग उन्हाळ्यात ओकाबोका असतो, तेव्हा फांद्यांमधून सिग्नल आरामात येतो. मिरगाच्या पावसाने पानं फुटतात, ताटाएवढी मोठी, आणि पाणी धरून ठेवतात. ओलं पान या लहरींना भिंतीसारखं. पान वाळलं की थोडं झिरपतं. म्हणून पाऊस, मग दोन-तीन तास, मग चालू. आम्ही सगळे पावसाला दोष देत होतो आणि भिंतीबाहेर साग शांत वाढत होता.

खरं तर हे मोजून आधीच कळलं असतं. ६० अंशांचा कोन म्हणजे छत्रीपासून दर एका फुटाला झाड छत्रीच्या वर पावणेदोन फूट उंच असलं तरच आडवं येतं. छत्री नऊ फुटांवर, साग सहा फूट दूर. साडेदहा फूट वर, म्हणजे जमिनीपासून साडेएकोणीस फुटांपलीकडे जे काही आहे ते वाटेत. शेजाऱ्याचं दूरचं चिंचेचं झाड कितीही मोठं दिसलं तरी तीस फुटांवर असेल तर त्याला छत्रीच्या वर साडेबावन्न फूट वाढावं लागेल. म्हणून दूरच्या झाडांवर संशय घेऊ नका, जवळच्यांवर घ्या. पपई, शेवगा, मांडवावर चढलेला दोडका, काहीही.

ऑक्टोबर-मार्चची वाट बघायची नसेल तर उपग्रह दाखवणारी अ‍ॅप मोबाइलवर मिळतात. कॅमेरा आभाळाकडे धरला की ९३.५ ची जागा दिसते. मोबाइल छत्रीच्या तोंडाशी धरून बघा, अंगणात उभं राहून नाही. सहा फुटांनी सगळं बदलतं.

उपाय सोपा होता, पण तो छाटणीचा नव्हता. सागाला हात लावायचं म्हटलं की परवानगीचं लचांड मागे लागतं, आणि फांद्या छाटल्या तरी पुढच्या मिरगाला त्या पुन्हा येतातच. आत्या तर ऐकूनच घेईना, "झाड मामाजीनं लावलं हाये, छत्रीले हलव." छत्री घराच्या मागच्या टोकाला, सागापासून सोळा फुटांवर नेली. तिथून पाहिलं तर साग छत्रीच्या अठ्ठावीस फूट वर गेला तरच अडवेल. केबल तीस फूट वाढली. जुन्याला जोड न देता नवीन एकसलग घातली, कारण एक बिघाड काढून दुसरा कशाला घालायचा.

त्या दिवशी कोरड्यात क्वालिटी ७४ होती. आधी माझ्या हातून कधी ६० च्या वर गेली नव्हती, आणि ते मला चांगलं वाटायचं. यंदा आषाढात आत्याने फोन केला नाही. मीच केला, तीन दिवस झड लागली होती तेव्हा. म्हणाली, "चालू हाये. एकदा लय जोरात आला तवा पाच मिन्टं गेलं अन् आलं. पण सागावरून वानरं आता टिनावर उड्या मारून रायले, त्याचं काही कर."

वानरांसाठी मी पाइपला छत्रीच्या खाली दोन फूट काटेरी तार गुंडाळली आहे. टिकते का ते पोळ्यापर्यंत कळेल. रेघ मारून ठेवली आहे.